मला जमीन लागली त्याची हकीकत

चामराजपुरम, मैसूरु
कार्तिक वद्य चतुर्थी

ती. कमळअक्का,

संतूचा तुझ्या पायांवर नमस्कार. साष्टांग असं लिहिणार होतो, पण साष्टांग घालायला आडवं व्हावं लागतं, आणि गेल्या माघापासून मी आडवा झालो की खालची फरशी जराशी उचलते, क्षणभर थांबते आणि मला घेऊन उजवीकडे उतरते. तेव्हा हा नमस्कार खुर्चीच्या हातांना धरून बसल्या जागेवरून केलेला आहे. तो कमी समजू नकोस. तुझी कंबर आता कशी आहे? अदिती तुला सकाळी गॅलरीत उन्हाला बसवते का, आणि तू तिथं निमूट बसतेस का? (दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक आहे. पहिल्याचं अदितीनं कळवावं, पत्र वाचून दाखवणं तिच्याकडेच आहे.) तिनं मागं लिहिलं होतं की हल्ली तू नावांची अदलाबदल करतेस, तिला, म्हणजे आपल्या सुनेला, तू माझ्या आईच्या नावानं हाक मारतेस आणि दूधवाल्याला संतू म्हणतेस. दूधवाल्याबद्दल माझी हरकत नाही. माणूस बरा असेल, वेळेवर येत असेल. फोन करत नाही म्हणून मात्र रागावू नकोस. एक तर मोबाइलच्या उजळ पडद्याकडे पाहिलं की माझं डोलणं दुप्पट होतं, आणि दुसरं म्हणजे गेल्या खेपेस तू “कोण बोलतंय?” असं तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी उगाच मोबाइल कंपनीला शिव्या घातल्या. पत्र बरं. पत्राच्या खाली नाव लिहिलेलं असतं.

मार्गशीर्ष अकरा दिवसांवर आला. या दिवसांत माझी पिशवी भरून दाराशी ठेवलेली असते, हे तुला मी सांगायला नको. निवृत्त झाल्यापासून, त्या साथीची दोन वर्षं सोडली तर, एकाही मार्गशीर्षात मी बेळगावला तुझ्याकडं आलो नाही असं झालं नाही. यंदा येतो की नाही एवढंच कळवायला हे पत्र घेतलं आहे. पण नुसतं हो किंवा नाही लिहिलं तर तू कारण विचारशील, आणि कारण जरा दूरवरचं आहे, लक्षद्वीपपासून सुरू होतं.

आमच्या इथल्या मराठी मंडळात दोन तऱ्हेचे लोक आहेत. एक आम्ही, ज्यांचे पूर्वज घोड्यावर बसून आले आणि इथल्या राजाच्या फौजेत राहून गेले. दुसरे ते, जे गेल्या वीस वर्षांत कॉम्प्युटरवर बसून आले. ते बोलतात पुण्यासारखं. आमच्या घरांतून ‘नोडी’ (बघा) म्हटल्याशिवाय वाक्य सुरू होत नाही आणि ‘अल्लवा’ (नाही का) म्हटल्याशिवाय संपत नाही. माझं एकट्याचं मराठी त्यांना पुस्तकासारखं वाटतं, आणि ते पुस्तक तूच आहेस हे त्यांना ठाऊक नाही. (आबांनी दहाव्या वर्षी मला मावशीकडं धाडलं ते आठवतं का? “पोराला घोडा येतो, मराठी येत नाही,” असं सांगून. पाच वर्षांनी परत आलो तेव्हा मला वृत्तं येत होती आणि घोडा मला ओळखत नव्हता.) तर या नव्या लोकांनी ज्येष्ठांसाठी सहल काढली. कोचीहून जहाज, पाच दिवस, बेटं बघायची आणि यायचं. रेशीम खात्यात अडतीस वर्षं कोष मोजलेल्या माणसाला समुद्र म्हटल्यावर काय होतं हे तू समजू शकतेस. आपण दोघांनी समुद्राच्या किती कविता पाठ केल्या, आणि समुद्र पाहिला होता कुणी?

पहिल्याच संध्याकाळी एकोणीसपैकी सतरा जणांना बोट लागली. लिंबं, आल्याच्या वड्या, प्लास्टिकच्या पिशव्या, सगळं झालं. मला काही नाही. मी कठड्याला धरून उभा, वारा तोंडावर, आणि पाचवीपासून सातवीपर्यंतची एकूणएक कविता ओळीनं, चालीवर, मोठ्या आवाजात. मला वाटलं, दुखण्यातल्या माणसांना काव्याचा आधार होईल. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या सेक्रेटरींच्या पत्नी भिंतीला धरत वर आल्या, चेहरा ताकासारखा पांढरा, आणि म्हणाल्या, “काका, जरा हळू म्हणता का? लाटा आहेत तेवढ्या पुरे आहेत.” मी हळू म्हटलं, पण मनात फुशारलो. पाच दिवस माझ्याएवढा तोऱ्यात त्या जहाजाचा कप्तानही चालला नसेल. मग आम्ही कोचीच्या धक्क्यावर उतरलो. सतरा जणांनी जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि तासाभरात ते इडलीवर तुटून पडले. मी हॉटेलच्या खुर्चीवर बसलो, आणि खुर्ची हळूच निघाली. ज्यांना बोट लागली होती त्यांची उतरली. मला जमीन लागली.

पहिले चार दिवस मला गंमत वाटली. प्रवासाची धुंदी आहे, राहील दोन दिवस, जाईल. पंधरवडा गेला, शिमगा गेला, पाडवा गेला. सकाळी फाटक उघडायला गेलो की वाट पायाखालून सरकायची. मी बदकासारखे पाय फाकून भिंत पकडायचो. शेजारचे पद्मनाभ, निवृत्त तहसीलदार, रोज सहाला फुलं तोडायला येतात. (फुलं आमच्या कंपाउंडातली, पूजा त्यांच्या घरची.) त्यांनी एक दिवस माझ्याकडं निरखून पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “एनु संताजीराव, बेळिग्गेने शुरू माडिदीरा?” म्हणजे, काय हो, सकाळी सकाळीच सुरू केलीत का. अक्का, शहात्तर वर्षांत मी तपकीरसुद्धा ओढलेली नाही. पण तहसीलदारी गेली तरी पंचनाम्याची सवय जात नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं होतं आणि देवळातले भट मला तीर्थ अर्धीच पळी देऊ लागले.

मग डॉक्टर. पहिल्यांनी सांगितलं, कानात बारीक खडे असतात, ते जागचे हलले आहेत. त्यांनी मला धरून झटक्यात आडवं केलं, डोकं खाटेबाहेर लोंबकळत ठेवलं, डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. खडे जागेवर गेले असतील, मी गेलो नाही. दुसऱ्यांनी मानेला पट्टा घातला. त्यानं एवढंच झालं की तीन आठवडे माझी मान एखाद्या दिवाणासारखी ताठ राहिली आणि खाली बाकीचा मी डोलत राहिलो. तिसऱ्यांनी डोक्याचा फोटो काढायला लावला आणि ‘वयाला अनुसरून उत्तम’ असा शेरा दिला, जो मला शाळेत गणिताच्या मास्तरांनी कधी दिला नाही. चौथ्यांनी काहीच तपासलं नाही. बायको जाऊन किती वर्षं झाली, एवढं विचारलं. मी नऊ म्हणालो. त्यांनी बराच वेळ मान हलवली आणि मन शांत करायच्या गोळ्या लिहून दिल्या. (ती असती तर डॉक्टरांकडं जायची वेळच आली नसती. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं असतं, अहो, नुसते हलू नका, हलताय तर नारळ तरी खवून द्या.) विजयनगरहून भागीरथीवहिनी आल्या, आमच्या थोरल्या दादांच्या, त्या तर पायरीवरूनच बोलत आल्या, “आपण घोड्यावरची माणसं, भावजी. पाण्यावर कुणी जायला सांगितलं होतं?” त्यांनी मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. घरभर ठसका बसला. म्हणजे दृष्ट नव्हती, असा निकाल देऊन त्या जेवून गेल्या.

आता खरी गंमत ऐक. डोक्याच्या फोटोसाठी सुनेबरोबर, विद्याश्रीबरोबर, ऑटोनं निघालो होतो. ऑटो सुरू झाला, खड्ड्यातून उडाला, वळला, आणि माझ्या आतला समुद्र थांबला. एकदम. रस्त्यावरच्या पाट्या स्पष्ट, झाडं सरळ. सिग्नलला ऑटो उभा राहिला की समुद्र परत. हिरवा दिवा लागला की जमीन घट्ट. मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगून कोण विश्वास ठेवणार, की हा माणूस घरात हिंदकळतो आणि खड्ड्यांतून स्थिर असतो? दुसऱ्या दिवसापासून मी जेवण झालं की सिटी बस धरायचो. चामराजपुरमहून कुवेंपुनगर, तिथून विजयनगर, परत. खिडकीजवळ बसून मनातल्या मनात कविता म्हणायच्या. चार तास माणसासारखा माणूस. शेवटच्या थांब्यावर कंडक्टर यायचा, “अज्जा, लास्ट स्टॉप. इळीरी.” एकदा मी त्याला खरं सांगितलं, बाबा, उतरलं की मला त्रास होतो. तो माझ्या शेजारी टेकला, टोपी काढली आणि म्हणाला, “ननगू हागेने, अज्जा. मलापण घरी उतरलं की त्रासच.” त्यानंतर त्यानं मला कधी उतरवलं नाही.

बिंग फोडलं पद्मनाभांनीच. विजयनगरात नातेवाइकांकडं गेले असता त्यांनी मला खिडकीत ओठ हलवत जाताना दोनदा पाहिलं, एकाच दुपारी, दोन्ही दिशांना. संध्याकाळी थांब्यावर विद्याश्री कमरेवर हात ठेवून उभी. “मामंजी, साकु, पुरे आता. घर आहे की नाही आपल्याला? लोक काय म्हणतील, नोडी, सून जेवायला घालत नाही म्हणून म्हातारा बसमधून फिरतोय म्हणतील, अल्लवा?” मी म्हटलं, जेवूनच बसतो गं. “तेच सांगा मग, गळ्यात पाटी लावून.” आणि ती तिथंच, थांब्यावर, पदर तोंडाला लावून रडायला लागली. तेव्हा मला कळलं की माझ्या डोलण्यानं त्या घरात माझ्याखेरीज आणखी कुणाकुणाचे पाय हलले होते. आबांचा नातू, माझा मुलगा शरत, महिनाभर ऑफिसातून लवकर येत होता आणि मी समजत होतो की त्याला काम कमी आहे.

नातीनं, पवित्रानं, खटपट करून कुवेंपुनगरात एक डॉक्टरीण शोधली. वेदवती नाव, चाळिशीची असेल, आवाज मऊ. (आमचं बोलणं कन्नडात चालतं, तुझ्यासाठी मराठीत आणतो आहे.) मी फाइल पुढं केली तर तिनं ती उघडलीसुद्धा नाही. विचारलं, “चालत्या गाडीत बसलात की बरं वाटतं का?” अक्का, नऊ महिन्यांत कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. मी मान डोलावली, म्हणजे ती डोलतच होती. तिनं मला डोळे मिटून जागच्या जागी पन्नास पावलं टाकायला सांगितलं. फौजी घराणं, कवायत रक्तात. मी छाती काढून पावलं टाकली. डोळे उघडले तेव्हा मी डाव्या भिंतीवरच्या हात धुवायच्या भांड्यासमोर सलामी द्यायच्या बेतात उभा होतो. ती म्हणाली, झालं निदान. या आजाराला एक लांबलचक फ्रेंच नाव आहे, ते म्हणताना तोंडात सुपारी असल्यासारखं वाटतं. अर्थ विचारला तर म्हणाली, उतरल्याचं दुखणं. तेवढं मला आवडलं.

तिनं समजावलं ते असं. जहाजावर माझ्या मेंदूनं पाच दिवसांत समुद्र पाठ केला. जहाज उजवीकडं कलायच्या आधीच तो मला डावीकडं सावरायचा, म्हणून मला बोट लागली नाही. ते त्याचं शहाणपणच. पण जमिनीवर आल्यावर बाकीच्यांचे मेंदू तो धडा विसरले, परीक्षा झाल्यावर मुलं विसरतात तसे. माझा विसरला नाही. तो अजून नसलेल्या लाटेला सावरतो आहे. गाडीत खरी हालचाल मिळते, त्याला करायला काम मिळतं, म्हणून मी तिथं बरा. कान ठीक, डोकं ठीक, मन ठीक. पाठांतर तेवढं जास्त झालं. मी तिला सांगितलं की यात माझा दोष नाही, माझ्या मावसबहिणीचा आहे.

आहेच तुझा. तुझ्या धाकट्या भावाचा, बाळूचा, पाळणा आठव. मावशी स्वयंपाकघरात, पाळण्याची दोरी तुझ्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली, मांडीवर पुस्तक, आणि समोर मी भिंतीला टेकून. एक झोका, एक ओळ. झोका परत यायच्या आत ओळ पुरी झाली नाही तर तू मला पट्टीनं ढोसायचीस, आणि झोक्याआधी झाली तरी ढोसायचीस. बाळू आता कॅनडात आजोबा झाला. त्याला आजही आपलं बोलणं ऐकलं की जांभई येते. मला मात्र त्या ओळी अशा बसल्या की बायकोचं नाव घ्यायच्या वेळीसुद्धा जिभेवर आधी लगागा लगागा आलं होतं.

उपचार असा की अंधाऱ्या खोलीत बसायचं. समोर भिंतभर काळे-पांढरे उभे पट्टे एका दिशेनं सरकत राहतात, आणि त्याच वेळी वेदवती मागून माझं डोकं दोन्ही हातांत धरून हळूहळू या खांद्याकडून त्या खांद्याकडं कलवते. दिवसातून पाच-सहा वेळा, तीन-चार मिनिटं. पण ते कलवणं माझ्या आतल्या डोलण्याच्याच गतीनं व्हायला हवं, तरच मेंदूला जुना धडा पुसता येतो. म्हणून तिनं विचारलं, किती वेगानं डोलता? मी म्हटलं, मिनिट-सेकंदात मला सांगता येत नाही, वृत्तात सांगतो. मंदाक्रांता. तिनं शाळेत संस्कृत घेतलं होतं, ती खूश झाली, म्हणाली म्हणून दाखवा. मी गागागागा लललललगा करून, यतीवर थांबत, एक ओळ चालीवर म्हटली. तिनं घड्याळ लावलं. आठ सेकंद. त्या गतीनं चार दिवस माझं डोकं मंदाक्रांतेत कलत राहिलं. पहिल्या दिवशी उलट डोलणं वाढलं, तिसऱ्या दिवशी जिना चढताना पवित्रानं धरलं नसतं तर मी खाली गेलो असतो. चौथ्या दिवशी विद्याश्री बाहेरच्या बाकावर देवाचं काहीतरी पुटपुटत बसली होती. वेदवतीचं तोंडही उतरलं. म्हणाली, सगळ्यांनाच गुण येतो असं नाही.

पाचव्या दिवशी तिनं आपला मोबाइल माझ्या छातीवर पट्ट्यानं बांधला आणि मला भिंतीपाशी उभं केलं. त्या यंत्रात डोलण्याची रेघ उमटते. तिनं रेघ पाहिली, मला पाहिलं. “संताजीराव, तुम्ही आठ सांगितलेत. तुमची छाती पाच सांगते आहे.” मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, अक्का. ते डोलणं साधं भुजंगप्रयात होतं, पाळण्यातलं, लगागा चार वेळा आणि झोका परत. पण परक्या डॉक्टरसमोर एवढं मोठं दुखणं सांगायचं तर वृत्तही भारदस्त हवं, असं वाटलं. शिवाय बक्षीस समारंभात तू निळ्या परकरात उभी राहून म्हटलीस ती मंदाक्रांता होती, आणि म्हातारपणी माणसाला आपलं दुखणंसुद्धा आपल्या आवडीच्या चालीत असावं असं वाटतं. या हौसेपायी माझे चार दिवस गेले आणि सुनेचं देवावरचं वजन नाहक खर्च झालं. वेदवतीला हे सगळं सांगितलं तेव्हा ती रागावली नाही. आता खरी ओळ म्हणा, म्हणाली. मी म्हटली. तिनं त्या ओळीवर माझं डोकं कलवायला घेतलं.

सहाव्या दिवशी, दुपारी, चौथ्या खेपेनंतर मी खुर्चीवरून उठलो आणि फरशी फरशी होती. मी एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. काही नाही. खाली काहीही हलत नव्हतं. पवित्रा तोंडावर हात ठेवून बघत होती. मला आनंद झाला, खोटं सांगत नाही. पण त्याच्या आधी, एक क्षणभर, कुणीतरी पलीकडून दोरी सोडून दिल्यासारखं वाटलं, आणि मी वेदवतीचा हात धरून उभ्या उभ्या रडलो. तिनं पाणी दिलं. पेशंट इथं असे रडतात, म्हणाली, आनंदानं. मी तिची समजूत तशीच राहू दिली. चार मिनिटं ती जमीन टिकली. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं, मग दोन तास. आता साठ टक्के आजार गेला आहे.

राहिलेलं जाईल, पण एक अट आहे. नवा धडा पक्का होईपर्यंत, म्हणजे तीन महिने, लांबचा प्रवास नाही. दवाखान्यातून घरी जातानासुद्धा गाडी नाही. मी आणि पवित्रा छत्री घेऊन चालत येतो. रात्रभराची रेल्वे तर मुळीच नाही. तिच्या एका पेशंट बाई बऱ्या झाल्या आणि भाचीच्या लग्नाला गाडीनं गेल्या, तर उतरल्यावर अक्षतासुद्धा खांबाला धरून टाकाव्या लागल्या, आणि नंतर उपचार पूर्वीसारखे लागू पडले नाहीत. म्हणून, अक्का, यंदाचा मार्गशीर्ष चुकणार. ओळीमागून ओळ, एक तू आणि एक मी, हे यंदा आपलं होणार नाही. मी फाल्गुनात येईन, सरळ चालत तुझ्या दारात शिरेन, आणि तुला साष्टांग घालेन. तोवर तुझ्या वाट्याच्या ओळी तू रोज सकाळी म्हणत जा. अदितीला बसव समोर. ती चुकली तर पट्टी कपाटात असेलच.

उन्हात बसत जा. रात्री दूध घे. आमच्या शरत, विद्याश्री, पवित्राचे तुला नमस्कार. भागीरथीवहिनींनीही विचारलं आहे आणि पाण्यावर जाऊ नये असं तुलाही कळवायला सांगितलं आहे.

तुझ्या पट्टीचा मार खाऊन शहाणा झालेला,
संतू

ता. क. साठ टक्के हा वेदवतीचा आकडा आहे. माझ्या हिशेबानं पंचेचाळीस. पण तिचं मन मोडवत नाही.

ता. क. दुसरं. (अदिती, इथून पुढचं तुझ्यासाठी आहे, मोठ्यानं वाचू नकोस. वर जे फाल्गुनाचं लिहिलं तेही वाचलं असशील तर असू दे, अक्का मला वाट बघायला लावल्याबद्दल दोन दिवस शिव्या देईल, बरं असतं ते.) मी मार्गशीर्षातच येतो आहे. हे पत्र लिहून झालं, घडी घातली, आणि चालत स्टेशनात जाऊन तिकीट काढून आलो. शुद्ध तृतीयेला सकाळी बेळगावात उतरेन. गेल्या वर्षी सातवीतल्या संध्याकाळच्या कवितेत तिसऱ्या कडव्यावर अक्का थांबली. मला पुढची ओळ येत होती, पण मीही विसरलो असं दाखवलं, आणि आम्ही दोघं तुझा चहा येईपर्यंत गप्प बसलो. फाल्गुनात मी बरा होऊन येईन हे खरं. पण मी बरा असून काय करू, तोवर ती आणखी किती कडवी मागं गेली असेल? वेदवतीला आधीच विचारून ठेवलं होतं. ती म्हणाली, परत सुरू होणार, हे धरूनच जा. दुसऱ्यांदा जाईल किंवा जाणारही नाही. मग विचारलं, तिकडं कोण आहे? मी सांगितलं. तिनं कागद पुढं ओढला. मग प्रवासासाठी पाव गोळी लिहून दिली आणि उतरल्यावर बसू नका, चाला, असं सांगितलं. घरी उद्या सांगणार आहे. विद्याश्री दोन दिवस बोलणार नाही आणि तिसऱ्या दिवशी चटणीपूड बांधून देईल.

स्टेशनात कुणाला पाठवू नकोस, मी भिंती धरत येईन. आणि अक्का मला ओळखेल असं धरून मी येत नाही आहे. नाही ओळखलं तर माझं नाव सांगून तिला लाजवू नकोस. तिच्यासमोर मला हातांची एक खुर्ची दे, बाकी काही नको. मी डोलत असेनच. घरात एक परका म्हातारा असा डोलत बसलाय म्हटल्यावर कारण विचारल्यावाचून ती राहायची नाही, तो तिचा स्वभावच नव्हे. मग मी तिला सगळं पहिल्यापासून सांगेन. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं, तर पुन्हा सांगेन.